बेसमेंट खोदण्याआधी वरचे तीन-चार मीटर वाचा

प्रति,
मा. आयुक्त, वडोदरा महानगर सेवासदन
मा. जिल्हाधिकारी, वडोदरा
तसेच शहरातील बिल्डर, स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि पुनर्विकासाला निघालेल्या वाड्यांचे मालक

महोदय,
सविनय नमस्कार.

अकोटा, दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीचा परिसर आणि विश्वामित्रीचे दोन्ही काठ या भागांत जुने बंगले आणि वाडे पाडून फ्लॅटच्या स्कीम उभ्या राहत आहेत. दोन थरांच्या पार्किंगसाठी सहा-सात मीटर खोल जावे लागते, आणि ही खोदाई जुन्या वस्तीच्या थरांतून आरपार जाते. त्या थरांत काय होते हे कोणी पाहण्याआधीच माती डंपरमध्ये भरली जाते. हे टाळण्यासाठी कोणाचेही बांधकाम बंद पाडावे लागत नाही. प्रत्येक स्कीमसाठी माती-तपासणी आजही होतेच. तिच्यात थोडी भर घातली आणि खोदाईच्या पहिल्या दोन आठवड्यांत एक जाणकार माणूस जागेवर उभा राहिला, तर जे वाचवण्यासारखे आहे त्यातले बरेच वाचते. ते कसे करायचे, कुठे बिघडते आणि त्यासाठी आपल्याकडून कोणते हुकूम हवेत, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी जमिनीत काय आहे ते. इ.स. 812 च्या राष्ट्रकूट कर्कराजाच्या ताम्रपटात वटपद्रक हे गाव दान दिल्याची नोंद आहे आणि ते अंकोट्टक चौऱ्यांशीतले, म्हणजे चौऱ्याऐंशी गावांच्या गटातले, गाव म्हणून सांगितले आहे. म्हणजे त्या काळी मोठे ठाणे होते ते अकोटा, आणि बडोदे त्याच्या पोटातले एक गाव. 1951 मध्ये अकोट्याला 68 जैन कांस्यमूर्तींचा साठा मिळाला. चामरधारिणी आणि जीवंतस्वामी यांच्या मूर्ती त्यातल्याच. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास केला. पण या मूर्ती थर पाहत, मोजत काढलेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांचा काळ लिपी आणि घडणीवरून ठरवावा लागला. सोबत कोणती खापरे होती, कोणती जमीन होती, मूर्ती देवळात होत्या की घाईने पुरलेल्या, हे सांगणारी माती तेव्हाच गेली. त्याच सुमारास महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने बी. सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अकोट्यात उत्खनन केले. इथे रोमन घडणीची एक कांस्य मूठही मिळाली आहे. नदीकाठचे हे गाव इसवी सनाच्या पहिल्या शतकांत दूरच्या व्यापाराशी जोडलेले होते, हे त्यातून कळले.

नदीच्या पूर्वेला लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या आतले, मधोमध मांडवी असलेले कोटातले शहर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे, गुजरातच्या सुलतानांच्या अमदानीतले. त्यावर गायकवाडी काळाचा थर आहे. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या वाड्यांखाली धान्याची पेवे, पाण्याची टाकी, तळघरे आणि बुजवलेले आड असतात. घरातल्या जुन्या माणसांना त्यांच्या जागा ठाऊक असतात. वाडा पाडण्याआधी त्यांना विचारून नकाशावर खुणा करणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच कोणी करत नाही.

आता माती-तपासणीकडे येऊ. सुमारे 0.4 हेक्टरच्या भूखंडावर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक अशी पाच बोअर घेण्याची पद्धत आहे. 150 मिलिमीटर व्यासाचे बोअर, दर दीड मीटरला एसपीटी, म्हणजे मातीचा घट्टपणा मोजायची चाचणी: 63.5 किलोचा घण 75 सेंटिमीटरवरून पडतो आणि स्प्लिट स्पून, म्हणजे नमुना घ्यायची नळी, 45 सेंटिमीटर आत जाते. शेवटच्या 30 सेंटिमीटरला किती घाव लागले, तो आकडा अहवालात येतो. स्पूनचा आतला व्यास जेमतेम 35 मिलिमीटर. म्हणजे दर दीड मीटरातले 45 सेंटिमीटर आपल्याला दिसतात. उरलेल्या मीटरभर मातीचे ऑगरमध्ये, म्हणजे माती वर काढणाऱ्या फिरत्या गिरमिटात, कालवण होते आणि ती बोअरच्या कडेला टाकून दिली जाते. जमीन चोपलेली, शेणाने सारवलेली घराची भुई दोन-तीन सेंटिमीटर जाडीची असते. ती या पद्धतीत सहज निसटते.

दुसरी अडचण अहवाल लिहिण्यात आहे. वरच्या दोन-चार मीटरांपुढे "भराव, विटांचे तुकडे व राख मिश्रित" एवढे लिहून लॉग पुढे सरकतो. इंजिनिअरला त्या थरावर पाया ठेवायचा नसतो, म्हणून त्याला त्यात रस नसतो. जुनी वस्ती मात्र नेमकी तिथेच असते. तो थर खरोखर गेल्या पन्नास वर्षांतला भराव आहे की दीड हजार वर्षे माणसे राहून साठलेला आहे, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. भरावात खापरे उभी, आडवी, तिरपी, कशीही पडलेली असतात. सोबत सिमेंटचे गोळे, प्लास्टिक, वायरी, फरशीचे तुकडे निघतात, आणि माती हाताने ढासळते. राहत्या वस्तीच्या थरात खापरे भुईला समांतर, चपटी पडलेली असतात, कारण ती पायाखाली दबलेली असतात. राखेचा पट्टा आडवा आणि सलग दिसतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये घट्ट, फिकट रंगाची भुई असते. विटेची लांबी मोजावी: आजची वीट 23 सेंटिमीटरच्या आसपास, तर इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली वीट 35 ते 40 सेंटिमीटर लांब, चपटी, बहुधा मातीच्या सांध्यात बसवलेली. तांबड्या झिलईची, बारीक पोताची, हाताला गुळगुळीत लागणारी खापरे दिसली की आपण त्याच काळात उभे आहोत असे समजायला हरकत नाही. शंखाच्या बांगड्यांचे कापलेले तुकडे आणि अकीकाचे मणी हेही नेहमीचे.

म्हणून पहिली मागणी. शहरातले जे भाग जुन्या वस्तीचे म्हणून माहीत आहेत, त्यांचा नकाशा नगररचना विभागाने विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडून करून घ्यावा. त्यात अकोटा, कोठी ते सुरसागर हा नदीकाठाचा पट्टा आणि चार दरवाजांच्या आतला कोट असावाच. सेवासी आणि गोरवा इथल्या जुन्या वावांच्या (पायऱ्यांच्या विहिरींच्या) आसपासचा भागही असावा. या नकाशातल्या भूखंडांवर वरच्या सहा मीटरांपर्यंत बोअरमधून दीड-दीड मीटरचे अंतर न ठेवता सलग नमुना घ्यावा, निदान पाचपैकी दोन बोअरमध्ये. नमुने लाकडी खोक्यात क्रमाने लावून, खोलीच्या चिठ्ठ्या घालून, फोटो काढून ठेवावेत. प्लेट लोड टेस्टसाठी (जमीन किती भार पेलते ते पाहण्यासाठी) किंवा पायाच्या पाहणीसाठी जो उघडा खड्डा कन्सल्टंट खणून घेतात, त्याची एक भिंत सरळ तासून तिचा फोटो मोजपट्टीसह अहवालाला जोडावा. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कोणालाही आधार दिल्याशिवाय किंवा पायऱ्या काढल्याशिवाय उतरवू नये. बडोद्याची काळी माती सुकताना तडकते आणि भिंत न सांगता कोसळते.

यात बिल्डरचा थेट फायदा आहे, आणि तो आम्हाला मुद्दाम सांगायचा आहे. जुना आड, पेव किंवा भाजलेल्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेली विहीर वरून पाहिली तर गडद, मऊ, गोल डागासारखी दिसते. तिच्या पोटात राख, शेण, कुजलेला कचरा भरलेला असतो. राफ्टचा, म्हणजे इमारतीखालच्या सलग काँक्रीटच्या पायाचा, एक कोपरा अशा जागेवर आला आणि ती कोणी ओळखली नाही, तर तेवढाच भाग जास्त खचतो आणि काही वर्षांनी बेसमेंटच्या भिंतीला तिरपी भेग जाते. सहा मीटर खोल बेसमेंटच्याही खाली विहिरीचा तळ उरतो, कारण विहीर पाण्यापर्यंत खणलेली असते. बोअर नेमके विहिरीवर पडले नाही तर इंजिनिअरला ती कधीच दिसत नाही. वरचे थर नीट सोलत गेलो तर तिचा गोल साफ दिसतो आणि स्ट्रक्चरल कन्सल्टंटला तिची जागा सेंटिमीटरमध्ये देता येते. पुरातत्त्वाच्या माणसाचा नकाशा त्याच्या टेबलावर असावा, तो याचसाठी.

आता खोदाई. एक हिशोब मांडतो. 2,000 चौरस मीटरचा भूखंड, सहा मीटर खोली: 12,000 घनमीटर माती. उकरली की फुगून ती साधारण 15,000 होते. बारा घनमीटरच्या डंपरने साडेबाराशे खेपा. यातला वरचा तीन मीटरचा थर म्हणजे जागेवरची 6,000 घनमीटर माती. पोकलेनने रोज साडेचारशे घनमीटरच्या आसपास काम होते, म्हणजे हा थर बारा-पंधरा दिवसांत जातो. आम्हाला लक्ष हवे आहे ते एवढ्याच दिवसांचे. खालच्या निखळ पिवळट गाळाच्या मातीत, जिथे खापर, कोळसा काहीच दिसत नाही, तिथे ठेकेदाराने आपल्या गतीने काम करावे.

या पंधरा दिवसांत मशीनचे दोन नियम. बकेटला दाते नसावेत. दात्यांचा बकेट विटांचा एक थर दोन मीटर ओढत नेतो आणि मातीचे भांडे दिसण्याआधी त्याचे चाळीस तुकडे करतो. सपाट पात्याचा बकेट बाजारात मिळतो. नसेल तर दात्यांवर लोखंडी पट्टी वेल्ड करून काम भागते. आणि एका वेळी दहा-पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त सोलू नये. ऑपरेटर कसबी असेल तर हे सोपे आहे, त्याला नुसते सांगावे लागते. बकेटच्या मागे दोन पावलांवर निरीक्षक, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला जाणकार माणूस, उभा असतो. नवा पृष्ठभाग उघडला की तो दोन मिनिटे पाहतो, काही नसेल तर हात करतो, मशीन पुढे जाते.

भूखंडाच्या कडेची माती धरून ठेवणारे शोअर पाइल (काँक्रीटचे खांब) किंवा डायाफ्राम वॉल (काँक्रीटची भिंत) यांचे काम खोदाईच्या आधी होते. ऑगरने वर येणारी माती कोणी बघत नाही. पाइलचा क्रमांक आणि खोली लिहून त्या मातीचे ढीग वेगळे ठेवले, तर कडेला काय होते याचा अंदाज खोदाईच्या आधीच येतो.

बिघडते ते इथे: माती बहुतेक रात्री उचलली जाते. फ्लडलाइटच्या पांढऱ्या उजेडात राख आणि माती यांचा रंगच वेगळा दिसत नाही. वरच्या थराची खोदाई फक्त दिवसा व्हावी. रात्री ढिगातून डंपर भरायला हरकत नाही. सगळी माती चाळणे अशक्य आहे हे आम्हाला समजते. म्हणून शंभर बकेटांमागे एक बकेट बाजूला ओतावा. वाळू चाळायची उभी जाळी प्रत्येक साइटवर असतेच. पाच-सहा मिलिमीटर भोकांची जाळी असेल तर क्षत्रपांचे, म्हणजे इथल्या प्राचीन राजघराण्याचे, चांदीचे नाणेही अडकते, जे जेमतेम 15 मिलिमीटरचे असते. चिकण माती एक दिवस वाळवून चाळावी, ओली चाळली तर जाळी बुजते. वर सांगितलेल्या भूखंडासाठी हे रोज चार-साडेचार घनमीटर होते, तीन मजुरांचे काम.

डंपरचा नंबर आणि माती कुठे गेली, याची वही ठेवावी. ही माती शहराबाहेरच्या सखल प्लॉटमध्ये भरायला विकली जाते. अकोट्याची खापरे अशा प्लॉटमध्ये पोहोचली की पुढे कोणी तिथे पाहणी करील तेव्हा कधीच नसलेली प्राचीन वस्ती त्याला दिसेल. विश्वामित्रीचे पात्र रुंद आणि खोल करण्याच्या कामात निघालेल्या गाळालाही हेच लागू आहे.

काही सापडले तर काय करायचे, हे साइट सुपरवायझरच्या केबिनमध्ये गुजराती, हिंदी आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लावलेले असावे. सगळी साइट थांबवायची नाही. वस्तूभोवती दहा मीटरच्या घेऱ्यात बकेट थांबवावा, चार लोखंडी सळया ठोकून दोरी बांधावी, मशीन दुसऱ्या कोपऱ्यात लावावे. वस्तू उचलू नये. शेजारी मोजपट्टी ठेवून चार बाजूंनी आणि वरून फोटो घ्यावा, भूखंडाच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून अंतर आणि बेंचमार्कपासून (साइटवरच्या उंचीच्या पक्क्या खुणेपासून) खोली लिहावी. ही तीन मापे असली तर वस्तू नंतर हलवावी लागली तरी तिची जागा हरवत नाही. ही मापे नसतील तर संग्रहालयातही ती नुसती एक छान वस्तू उरते.

मातीने भरलेले मडके उपडे करू नये. आत काय आहे ते क्रमाने साठलेले असते. नाणी असतील तर वरची शेवटची आणि खालची पहिली, असा हिशोब लागू शकतो. मडक्याभोवतीची माती ठोकळ्यासारखी ठेवून, आधी पातळ प्लास्टिक, मग गॉझ बँडेज आणि प्लास्टर ऑफ पॅरिस असे गुंडाळून खालून पत्रा सरकवून उचलावे. ते काम निरीक्षकाचे. ओले लाकूड किंवा चामडे निघाले तर ते ओलेच ठेवायचे, उन्हात तासाभरात त्याचा भुगा होतो. हाडे धुऊ नयेत. माणसाची हाडे वाटली तर सगळ्यांत आधी पोलिसांना कळवावे, मग बाकी सगळे.

तांबे आणि कांस्य यांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे सर्वाधिक नुकसान चांगल्या हेतूने होते. मूर्ती सापडली की ती देवाची म्हणून लगेच धुतात, चिंच-लिंबाने घासतात. वरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. पीठावरचा लेख बहुतेकदा त्याच थरात तग धरून असतो. आम्ल लागले की अक्षरांच्या कडा विरतात आणि आतले क्लोराइड उघडे पडते. मग काही आठवड्यांत फिकट हिरवे, पिठासारखे ठिपके उमटतात. बोटाने पुसले की खाली खळगा दिसतो. दमट हवेत ते पसरत जातात आणि मूर्ती आतून पोखरली जाते. म्हणून कांस्य वस्तू पाण्याने धुऊ नये, कोरड्या मऊ कागदात ठेवून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी. डब्यात आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. पावसाळ्यात जेल रंग बदलले की भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. खापरांसाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वापरू नयेत. प्लास्टिकच्या पिशव्या घ्याव्यात, आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी घालावी, पेन्सिलीने लिहिलेली. बॉलपेनची शाई ओलीत उडते.

मा. जिल्हाधिकारी, आता आपल्या अखत्यारीतली बाब. 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडवणाऱ्याने आपल्याला लेखी कळवायचे असते: वस्तू काय, अंदाजे किंमत किती, जागा कोणती, तारीख कोणती. न कळवल्यास त्याचा वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निधीला कोणी मालक नाही असे ठरले आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला, अशी वाटणी आहे. सरकारने वस्तू घ्यायची ठरवली तर मोबदला काय? वस्तूच्या धातूची किंमत, अधिक तिचा एक पंचमांश. म्हणजे आठव्या शतकातली कांस्यमूर्ती इमानाने जमा करणाऱ्या मजुराला कायद्याने मोडीच्या भावात वीस टक्के वाढ मिळते. कळवण्याची धास्ती मोठी आणि कळवण्याचा लाभ नगण्य, मग वस्तू सोनाराच्या भट्टीत जाते यात नवल नाही. कायदा बदलणे आपल्या हातात नाही. पण सापडवणाऱ्या मजुराच्या आणि मुकादमाच्या नावाने प्रशस्तिपत्र आणि जिल्हा निधीतून एक ठरावीक बक्षीस देणे आपल्या हातात आहे. बक्षीस रोख, त्याच आठवड्यात आणि मजुराच्या हातात मिळाले पाहिजे. ठेकेदाराच्या हातात दिले तर ते पोहोचत नाही.

जमा झालेल्या वस्तू पोलिसांच्या मालखान्यात वर्षानुवर्षे पडून राहू नयेत, हीही विनंती. पंचनामा, वजन, फोटो झाल्यावर वस्तू सात दिवसांच्या आत बडोदा संग्रहालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ताब्यात सांभाळण्यासाठी द्यावी. मालकी आणि दावे कागदावर चालू राहू शकतात. तोवर कांस्य मात्र कोरड्या डब्यात हवे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कोणतीही कलावस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही, हे सोनार आणि भंगारवाल्यांच्या संघटनांना आपल्या कार्यालयाकडून पुन्हा एकदा कळवावे.

काही जण विचारतील की हे काम पुरातत्त्व खात्याचेच नाही का. केंद्रीय संरक्षित स्मारकांभोवती, जसे आपल्याकडे तांबेकर वाडा आणि हजिरा हा जुना मकबरा, पहिल्या 100 मीटरांत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगीची अट आहे. त्या वर्तुळाबाहेरच्या खासगी भूखंडावर बांधकामाआधी पुरातत्त्वीय तपासणी सक्तीची करणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. रीतसर उत्खननाला केंद्राची मंजुरी लागते आणि ती हंगामाच्या हिशोबाने मिळते. बिल्डरला एवढे थांबवणे व्यवहार्य नाही. म्हणूनच आम्ही उत्खनन मागत नाही. बिल्डर जी माती तशीही काढणार आहे, ती काढताना निरीक्षण आणि नोंद व्हावी, एवढेच मागतो. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांच्या पर्यावरण मंजुरीच्या अर्जात जवळपास पुरातत्त्वीय स्थळे किंवा अवशेष आहेत का, असा प्रश्न 2006 पासून आहेच. अकोट्यातल्या भूखंडाच्या अर्जात त्यापुढे "नाही" लिहिले असेल, तर ते तपासण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्यांना आहे.

लंडनमध्ये 1989 साली एका ऑफिस इमारतीच्या पायात शेक्सपिअरच्या काळातले रोझ नाट्यगृह निघाले तेव्हा मोठा गोंधळ झाला. पुढच्याच वर्षी तिथे सरकारने नियोजनाचे धोरण केले: बांधकामाची परवानगी देण्याआधी जमिनीत काय आहे ते तपासा. 1992 च्या व्हॅलेटा करारानंतर युरोपात या तपासणीचा खर्च बांधकामाच्या खर्चात धरण्याची रीत रुळली. आपल्या राज्यातही इच्छा असली की काय होऊ शकते, ते वडनगरला दिसते. तिथे उत्खननाच्या जागेवरच उभारलेले संग्रहालय जानेवारी 2025 मध्ये खुले झाले.

बिल्डर मंडळींची भीती आम्ही हलकी मानत नाही. व्याज चालू असते, बुकिंग झालेले असते, पझेशनची तारीख रेराकडे, म्हणजे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेली असते. रेरा कायद्याच्या सहाव्या कलमात मुदतवाढीसाठी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि इतर नैसर्गिक आपत्ती धरल्या आहेत. त्यात अवशेष सापडणे येत नाही. पण त्याच कलमात प्रवर्तकाची (बिल्डरची) चूक नसताना, कारणे लेखी नोंदवून, एकूण एक वर्षापर्यंत मुदत वाढवण्याची सोय आहे. आयुक्त साहेब, आपल्या नगररचना विभागाने "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत भूखंडाच्या अमुक भागात नोंदणीसाठी काम थांबवले" असे प्रमाणपत्र दोन दिवसांत दिले, तर रेरासमोर बिल्डरच्या हातात कागद असेल. आज तो नसतो, म्हणून सुपरवायझर सापडलेल्या भिंतीवर रातोरात मशीन फिरवायला सांगतो. निरीक्षकाने फोन गेल्यापासून 48 तासांत जागेवर येऊन ठरवावे: नोंद करून पुढे जायचे, की घेऱ्यातला भाग आणखी काही दिवस राखायचा. या मुदतीत तो आला नाही तर सुपरवायझरने फोटो आणि मापे घेऊन काम पुढे न्यावे. मुदत अशी बांधलेली असेल तरच लोक फोन करतील.

खर्च बिल्डरने करावा आणि तेवढी रक्कम चार्जेबल एफएसआयच्या, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा बांधकाम-क्षेत्राच्या, भरण्यातून वळती करून द्यावी. खोदाई आणि वाहतुकीच्या बिलापुढे एक निरीक्षक, तीन मजूर आणि पिशव्या-डबे यांचा पंधरा दिवसांचा खर्च किरकोळ आहे. निरीक्षकाचा मेहनताना मात्र बिल्डरने थेट देऊ नये. सेवासदनाकडे जमा करावा आणि विद्यापीठामार्फत द्यावा, नाहीतर निरीक्षकाच्या डोळ्यांना दिसायचे बंद होते.

पक्की भिंत किंवा फरसबंदी निघाली आणि ती काढण्याजोगी नसेल तर ती जागेवर झाकूनही ठेवता येते. भूखंडाच्या मार्जिनमध्ये (कडेला मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात) बेसमेंट नसेल तर हे अगदी सोपे. अवशेषावर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे कृत्रिम कापड), त्यावर 30 सेंटिमीटर धुतलेली वाळू, मग मुरूम. सिमेंटचा किंवा चुन्याचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, त्यातले क्षार जुन्या विटेत शिरून तिचे पापुद्रे काढतात. या कारणासाठी नकाशातल्या भागांत बेसमेंट भूखंडाच्या हद्दीपर्यंत नेण्याची मुभा देऊ नये.

वाडामालकांनो, डेव्हलपमेंट करारावर सही करण्याआधी त्यात एक कलम घालून घ्या. आमचा मसुदा असा: "पाडकाम अथवा खोदाई करताना निघालेल्या पुरातन वस्तू, नाणी, मूर्ती, शिलालेख, कोरीव लाकूड व दगडकाम यांची माहिती विकासक त्याच दिवशी मालकास व जिल्हाधिकाऱ्यांस लेखी देईल, अशा वस्तू भंगार अथवा मलबा म्हणून विकणार नाही, आणि सापडल्या जागी मोजमाप होईपर्यंत दहा मीटरच्या परिघात काम करणार नाही." पाडकामाचा मलबा ठेकेदाराच्या मालकीचा, असे कलम बहुतेक छापील करारांत असते. ते तसेच राहिले तर तुमच्या देवघराची कोरीव चौकटही त्यात जाते आणि पेवात निघालेले गायकवाडी काळातले बाबाशाही रुपयेही.

बडोद्यात पावसाळ्यात खोल बेसमेंटची कामे मंदावतात. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर तर नदीकाठी ती काळजी सगळेच घेतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मशीन पुन्हा लागतात. रजाचिठ्ठीला (बांधकाम परवानगीला) जोडायच्या अटींचे परिपत्रक त्याआधी निघावे. त्यात जुन्या वस्तीचा नकाशा, सलग नमुन्याची अट, सपाट बकेट आणि दिवसाची खोदाई, डंपरची वही, 48 तासांची मुदत आणि दिवस-रात्र उचलला जाणारा एक फोन नंबर असावा. परिपत्रकाचा मसुदा, साइटवर लावायच्या फलकाचा तीन भाषांतला मजकूर आणि सुपरवायझरसाठी एका पानाचा नोंद-तक्ता आम्ही तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने वेळ दिली की तो घेऊन येऊ, आणि आपल्या नगररचना विभागातल्या इंजिनिअरांना खड्ड्याची भिंत कशी वाचायची हे एका दिवसात, चालू साइटवर उभे राहून दाखवू.

आपले,
पुरातत्त्व, स्थापत्य आणि माती-तपासणी या क्षेत्रांत काम करणारे काही बडोदेकर